निळी पिन

पायाच्या अंगठ्याखालच्या उंचवट्यात रुतलेली निळी चकती – शर्टाच्या बटणाएवढी, चकचकीत – आणि आजोबा तेच पाऊल बिनदिक्कत लादीवर टेकवत चहाचा कप बेसिनकडे नेत होते... टक्... टक्... जणू बैलाला एकाच पायात नाल ठोकलाय.

"आजोबा, थांबा! पाय उचला, पाय!"

"क झाला गो?"

संचितानं पिन उपसली. काळसर रक्ताचा एकच थेंब आला, तोही सावकाश. आजोबांनी त्याच्याकडे शेजाऱ्याचा पाय बघावा तसं बघितलं आणि हसले. "मिठानं कमावलेला पाय हाय हा. बाभलीचा काटा पन वाकतो."

एरवी ती खो खो हसली असती. पण पिन तिची होती. विज्ञान प्रदर्शनातला तक्ता पॅसेजमध्ये तिनंच लावला होता, तिनंच – आणि त्याचा एक कोपरा रविवारपासून लोंबत होता. आज गुरुवार. म्हणजे सोमवार, मंगळवार, बुधवार... संध्याकाळी जुन्या मिठागराच्या बांधावर अनवाणी जाऊन येणं, रात्री गादीत पाय घासणं – आणि पिन आत.

आणि आजच अकरा वाजता हॉस्पिटल.

साखरेनं बधिर होणाऱ्या पायांसाठी नवीन औषध, वर्षभराचा अभ्यास, साठ माणसं, त्यातले एक पुंडलिक आजोबा. दर महिन्याला वासंती सिस्टर केसासारखा नायलॉनचा तंतू तळव्याला दहा ठिकाणी टेकवणार, आजोबांनी डोळे मिटून, कळलं की 'हाय' म्हणायचं. पहिल्यांदा दहापैकी चार. घरी येताना रिक्षात आजोबा म्हणाले, "असाच नापास झालो तं तुजा बाप मना आगरावर जाऊ देनार न्हाय." तिथे मीठ पिकून वर्षं लोटली, तरी बांधावर पाय टेकल्याशिवाय त्यांचा दिवस मावळत नाही, हे अख्ख्या इंद्रलोक वसाहतीला ठाऊक. आणि संचिता तर तेव्हा नुकतीच वक्तृत्वात पहिली आलेली, जगात सुटत नाही असं गणितच नाही असं वाटण्याचे दिवस – ती म्हणाली, "टेन्शन काय घेताय? मी मागे उभी राहते. सिस्टरनी टेकवलं की खांदा दाबते. तुम्ही 'हाय' म्हणा. सिम्पल!"

सात. नऊ. दहा.

डॉक्टरांनी स्क्रीनवर चढती रेघ दाखवली होती, "काका तर आमचे स्टार आहेत!" – आणि ती खुलली होती, स्वतःचाच निकाल लागल्यासारखी. त्याच आठवड्यात प्रदर्शनात, ह्याच निळ्या पिनांच्या तक्त्यापुढे, औषधाच्या प्रयोगात लिंबं खाऊन बरे झालेल्या जुन्या खलाशांची गोष्ट सांगताना तिनं हात उंचावून विचारलं होतं, "त्यातल्या एकानं जरी खोटं सांगितलं असतं तर?" परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या... आणि तिला तेव्हा काहीच, काहीच आठवलं नव्हतं.

रिक्षात आजोबांनी जखमेवरची पट्टी मोज्यात नीट दडवली. "सिस्टरला बोलू नको हां. दाराला ठेचलो सांगीन."

पिन तिच्या डाव्या मुठीत होती.

"या काका, फर्स्ट क्लास ना?" वासंती सिस्टर म्हणाल्या. "मोजे काढा. अरे, ही पट्टी?"

"दाराला ठेचलो."

"सांभाळून चाला हो. बरं, मिटा डोळे."

आजोबांनी डोळे मिटले. पाठमोरे, विश्वासानं. संचिताचा उजवा हात सवयीनं त्यांच्या खांद्यावर गेला. सदऱ्याखाली हाड लागलं. सांगितलं तर आगर गेलं, बांध गेला, संध्याकाळ गेली. नाही सांगितलं तर पुढची पिन... आणि त्या चढत्या रेघेवर भरवसा ठेवून कुठल्या तरी दुसऱ्या गावातला दुसरा कुणी म्हातारा...

तंतू करंगळीखाली टेकला, वाकला.

तिची बोटं हलली नाहीत. उठलीही नाहीत.

"काका?"

मग तिच्या तळव्याखाली त्यांचा खांदा हळूच, अगदी थोडासा वर आला – शोधत.

सिस्टरनी तंतू पुन्हा टेकवला. संचितानं उजवा हात तसाच ठेवून डावी मूठ आवळली. पिनेचं टोक तळहातात गेलं, एवढंसंच... आणि ते किती स्पष्ट, किती लख्ख कळत होतं तिला.