दोन गुंठे गायरान

धाकटी रुक्साना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली, ते साल दोन हजार पंचवीस. नात महिन्याची झाली न झाली तोच दगडू मुलाण्याला दम्यानं खाटेवर पाडलं. मंचरच्या डॉक्टरनं रफिकला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा, खावंसं वाटेल ते द्या. रफिकनं ते आईच्या कानावर घातलं. जैतूनबी नवऱ्याला काही बोलली नाही, पण त्याचं त्यालाच कळलेलं होतं.

"मला मंचरला नेऊन पुरू नका," एका दुपारी तो म्हणाला. "तिथं मला कोण वळखतंय?"



डिंभ्याच्या धरणात जुनं गाव गेलं, तेव्हा सरकारनं वर माळावर नवं गावठाण दिलं. देवळाला जागा दिली, शाळा दिली, स्मशानाला पत्र्याची शेड दिली. मुलाण्यांचं घर गावात एकच. त्यांची माणसं जुन्या गावात नदीकाठच्या चिंचेखाली पुरलेली. नव्या गावात त्यांच्या मढ्याला जागा द्यायची राहून गेली. कुणी मुद्दाम केलं नाही, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मुलाण्यांनीही मागितली नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनं गाव उघडं पडायचं. मग सगळे खाली जात. लोक जुन्या मारुतीच्या जोत्याला तेल घालत आणि पलीकडे दगडू अन् जैतूनबी सासऱ्याच्या कबरीवरचा गाळ ओढत. दगडूचा दोस्त सावळेराम तेलाची बाटली घेऊन तिकडेही डोकावायचा. "म्हाताऱ्याला घालू का थेंबभर? सांधं कुरकुरत असतील पाण्यात." दगडू हसून म्हणायचा, "घाल, पण तुझ्या मारुतीला इचारून घाल." बाकी वर्षभर तिथं पाणीच पाणी. आता तिथं कुणाला पुरायची सोय नव्हती.

गावात बकरं पडायचं ते दगडूच्या सुरीनं. नवस असो, लग्नानंतरचा गोंधळ असो, मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय मटण कुणी चुलीवर चढवत नसे. खाल्ल्यासारखं वाटत नाही, म्हणत. ज्या गावाच्या घराघरातल्या आनंदात आपला हात होता, त्या गावात आपल्याला झोपायला जागा असावी, एवढंच दगडूचं मागणं होतं.

जैतूनबी सरपंचाकडे गेली. सरपंच उज्ज्वला शेजारच्याच घरची सून.

"मामी, एवढंच ना," उज्ज्वला म्हणाली. "स्मशानाच्या पल्याड गायरान हाय, निस्ता खडक. दोन गुंठे मागा. महाराष्ट्र दिनाच्या ग्रामसभेत मी इषय घेते."

"कुणी काय म्हणल का गं?"

"कोण काय म्हणणार? मामांच्या हातचं सगळ्यांनी खाल्लंय."

पण आठवड्याच्या आत गावातल्या पोरांच्या मोबाइलवर एक चित्र फिरायला लागलं. माळावर हिरवा घुमट काढलेला आणि खाली लिहिलेलं, आज दोन गुंठे, उद्या सगळा माळ. कुणी केलं, ते कळलं नाही. जैतूनबी नळावर गेली की बायकांचं बोलणं थांबायला लागलं. कुणी वाकडं बोललं असतं तर तिला उलट बोलता आलं असतं. गप्प राहण्याला काय उत्तर द्यायचं?

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी गोरख दारात आला. मोटारसायकल बंद न करता त्यानं पाणी मागितलं. हा गोरख तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला. त्याच्या लग्नाच्या गोंधळाचं बकरं दगडूनंच कापलेलं. आता तो तालुक्याच्या कुठल्याशा संघटनेत होता, कपाळाला नाम ओढायचा आणि त्याच्यामागं दहा-वीस पोरं असायची.

"मामा कसं हायेत?"

"तसंच हायेत बाबा. आत ये की."

"नको मामी, घाईत हाय." तो पाणी प्याला, मग त्यानं तांब्या नीट तिच्या हातात दिला. "रफिकचा दुधाचा टेम्पो पहाटंच निघतो न्हाई का घोडेगावला?"

"हां."

"वळणं लई बेकार हायेत त्या रस्त्याला. अंधाराचं कुणी नसतंय तिथं. जपून जायला सांगा त्याला."

एवढं बोलून तो गेला. बोलणं काळजीचंच होतं. जैतूनबी तांब्या हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. रफिकला तिनं यातलं काही सांगितलं नाही. तो रागीट, काहीतरी करून बसला असता. पहाटे टेम्पो सुरू झाला तेव्हा ती फाटकापर्यंत गेली आणि लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली.

ग्रामपंचायतीची खोली लहान, म्हणून ग्रामसभा नेहमी मारुतीच्या सभामंडपात व्हायची. तो मंडपही सरकारच्याच निधीतला. जैतूनबी आजवर बायकांत मागच्या खांबाला टेकून बसायची. त्या दिवशी ती पायरीशी चप्पल काढत होती, तेव्हा गोरखच्या पोरांतला एकजण म्हणाला, "मामी, तुमी हितंच बसा पायरीवर. हवा बी लागंल." ती पायरीवर बसली. मग आरती झाली. ग्रामसभा आरतीनं सुरू झालेली तिनं याआधी कधी पाहिली नव्हती.

पाण्याच्या टाकीचं झालं, रस्त्याचं झालं. मग उज्ज्वलानं विषय वाचला. वाचताना तिचा आवाज बारीक होत गेला.

"ज्यांना हे नको हाय त्यांनी हात वर करा, संपला इषय," गोरख जागेवरूनच म्हणाला.

ग्रामसेवक सुदर्शन जुन्नरकडचा, नोकरीला नवा. तो उभा राहिला. "असं मताला नाही टाकता येत. ही सरकारी सभा आहे. स्मशानाला शेड दिली तेव्हा कुणी हात मोजले नव्हते. गावात जो माणूस राहतो, त्याच्या मयताची सोय ग्रामपंचायतीनं करायची. त्याचा देव कोणता, हे आपण बघायचं नसतं."

"साहेब, सरकार आमचंच हाय," गोरख शांतपणे म्हणाला. "आन् बदल्या बी आमीच करतो."

पोरं हसली. सुदर्शन खाली बसला आणि आपल्या चष्म्याची काच पुसायला लागला.

तेवढ्यात सावळेराम गुडघ्यावर हात टेकत उठला. "गोरख, तुझ्या गोंधळाला दोन वाट्या रस्सा वरपलास तवा तुला दिसला न्हाई का रं मुलाणी? आन् आता मरायला टेकल्यावर दिसायला लागला?"

थोडे लोक हसले. जैतूनबीला वाटलं, आता होईल. पण मागून घोषणा सुरू झाली, देवाच्या नावाची, एकदा, दोनदा, मग सगळा मंडप. देवाचं नाव म्हटल्यावर गप्प कोण राहणार? म्हाताऱ्याही म्हणू लागल्या. सावळेरामच्या मुलानं बापाचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं.

"करा हात वर," गोरख म्हणाला.

हात वर व्हायला लागले. पुढची पोरं, मग गडीमाणसं, मग बायका. नळावरच्या बायका. जिच्या बाळंतपणात जैतूनबी रात्रभर बसली होती ती बायडाबाईसुद्धा. उज्ज्वला कुणाकडंच बघत नव्हती. गोरख मान वळवून मोजत होता, आणि मोजता मोजता त्याची नजर पायरीवर आली. तो रागानं बघत नव्हता. नुसता थांबला होता.

जैतूनबीला वळणाआड जाणारा लाल दिवा दिसला. आणि तिचा हात वर गेला.

आपला हात आपण वर केला, हे तिला तो वर गेल्यावर कळलं. खाली घ्यावा म्हटलं तर घेता येईना. गोरखनं मान हलवली, शिक्षक शहाण्या पोराकडे बघून हलवतो तशी, आणि म्हणाला, "एकमतानं लिवा साहेब. अर्जदाराचा बी हात हाय."

ती चपला तिथंच विसरून घरी आली.

दगडू जागा होता. "काय झालं?"

"न्हाई झालं," ती म्हणाली आणि चुलीकडं गेली.

दिवस मावळताना सावळेराम आला. तिच्या चपला त्यानं दाराशी ठेवल्या आणि खाटेच्या कडेला बसला. 

"म्या हात वर न्हाई केला, दगडू," सावळेराम म्हणाला. "दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो."

"मंजी एक हात तरी खाली व्हता," दगडू म्हणाला. त्याला दम लागला, तो थांबला. मग चुलीकडं बघत म्हणाला, "एक कसा? ही बी व्हती की तिथं. दोन व्हते."

सावळेरामनं जैतूनबीकडं बघितलं. त्यानं सगळं पाहिलेलं होतं. ती भाकरी थापत होती, तिचे हात थांबले नाहीत.

"व्हय," सावळेराम म्हणाला. "दोन व्हते."

दगडूनं डोळे मिटले. त्या दिवशी तो बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. जैतूनबीला खरं सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाली, मग ईद झाल्यावर सांगू म्हणाली. रोज पहाटे टेम्पो निघे, ती फाटकाशी उभी राही, आणि टेम्पो परत आला की तिला वाटे, आज नको. रफिकला कुणी काही केलं नाही. कुणाला काही करायची गरजच उरली नव्हती.

पाऊस लागला, धरणाचं पाणी चढायला लागलं. दगडूनं पुन्हा कधी जागेचं नाव काढलं नाही.

दगडू हुसेन मुलाणी चार जुलै दोन हजार पंचवीसला, शुक्रवारी सकाळी, आपल्या घरात वारला. रफिकच्या दुधाच्या टेम्पोतून त्याला मंचरला नेलं आणि तिथल्या कबरस्तानात पुरलं. गावातून सोबत एकटा सावळेराम गेला.