बठ्ठा घर चाला

सारिकानं मला सकाळीच ओसरीवर गाठलं. "आबा, अमृतच्या घरचे सांगलीहून येतायत. मला त्याच्याशीच लग्न करायचंय. आज लुडो काढू नका. काढलाच, तर तुमचे नियम काढू नका."

नातीचं ऐकून घेतलं. आता पारोळ्यात माझ्याशी लुडो खेळणारं कुणी उरलेलं नाही, आणि त्याला माझे नियम कारण, असं लोक म्हणतात. लोकांचं काय, विहिरीत पडलेला चंद्र मी बादलीनं वर काढला तेही ते मानत नाहीत.

पाव्हणे आले. अमृत आणि त्याचे आई-वडील. भरताची वांगी अजून भाजायची होती. तेवढ्यात वडिलांची नजर कपाटावरच्या पटावर गेली. "खेळायचं का, आबा?"

आता पाव्हण्याला नाही कसं म्हणायचं?

पण माणूस कसला, फासा त्याच्या घरी पाणी भरत होता! त्यांच्या तीन सोंगट्या घराच्या तोंडाशी, माझी एकच बाहेर. त्यात त्यांना लागोपाठ तीन सहा पडले आणि माझी अहिराणी जीभ सुटली.

"बठ्ठा घर चाला!"

"काय?"

"हाऊ नियम शे! तीन सहा पडनात का बठ्ठा घर चाला. किल्ल्याच्या खंदकातल्या बेडकांनी आमच्या पणजोबांना शिकवलेला."

"बठ्ठा म्हणजे?"

"बठ्ठा म्हणजे सगळे!" असं म्हणून मी त्यांच्या लाल घराकडे हात केला. ते घर नेमकं दाराच्या बाजूला.

पाव्हण्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग दाराकडे. चेहरा उतरला. "सगळे घरी चला. बरं. उठा हो," ते बायकोला म्हणाले. अमृत गोंधळून उभा राहिला. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी एक चप्पल पायात घातलीसुद्धा.

सारिका स्वयंपाकघरातून धावत आली. "काका, तुम्ही नाही! सोंगट्या! सोंगट्यांनी परत सुरुवातीच्या घरात जायचं!"

"असं होय?" ते थबकले. "पण असा नियम असतो?"

सारिका माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले. मला आणखी चार बेडूक सुचत होते. एकाचंही नाव घेववेना.

"नसतो," मी म्हणालो. "आत्ताच काढला. तुम्ही जिंकत होता म्हणून."

मग अमृतची आई पदर तोंडाला लावून हसू लागली. "अहो, नियम काढण्यात हे तर तुमचेच थोरले भाऊ निघाले!"

पाव्हण्यांनी चप्पल काढली, येऊन बसले. "सोंगट्या आहेत तिथंच राहू द्या. आणि आबा, नवा नियम काढायचा तर डाव मांडायच्या आधी सांगायचा. आमच्या घरात एवढा एकच."

"कबूल."

सारिका भिंतीला टेकून मोठा श्वास सोडून हसली. भाजलेल्या वांग्यांचा वास आला तोवर पाव्हण्यांची चौथी सोंगटी घरात गेली होती. मी हरलो, आणि देवाशपथ सांगतो, छातीवरची धोंड उतरावी तसं वाटलं.

"पुढचा डाव सांगलीला," ते म्हणाले. "पट मी मांडून ठेवतो. लग्नाची तारीख तुम्ही घेऊन या."

"आणीन की," मी म्हणालो. "पण बोहल्यावर आजोबांना एक डाव जास्त..."

"आबा!" सगळे एकदम ओरडले. बठ्ठा!