अर्धेकाकांनी भाव केला नाही

शिक्षणाच्या दारात गरीब-श्रीमंत असा भेद नसतो. हे वाक्य त्या खासगी महाविद्यालयाच्या दारावरच पितळी अक्षरांत लावलेलं होतं. दार ढकलायचं की ओढायचं, ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे अर्धेकाका, त्यांची बायको आणि मुलगी बराच वेळ बाहेरच उभी राहिली. शेवटी दातांचे एक डॉक्टर आपल्या मुलाला घेऊन आतून बाहेर पडले, तेव्हा ही तिघं आत शिरली.

अर्धेकाका जुन्या फर्निचरचे व्यापारी. समोरच्याने कपाटाची कितीही किंमत सांगितली, तरी हे अर्ध्यापासून सुरुवात करत. बाजाराने त्यावरून नाव ठेवलं आणि खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं. बायको दुकानातच सोफ्यांची कव्हरं शिवायची. मुलगी लहानपणापासून टेप घेऊन टेबलं-खुर्च्या मोजत आलेली. आता तिला पूल बांधायचे होते, आणि त्यासाठी लागतात ते मार्क तिने मिळवलेही होते. यादीत ती चौथी होती. डॉक्टरांचा मुलगा एकतिसावा.

निघतानाच बायकोने बजावलं होतं, "अहो, तिथे तरी घासाघीस करू नका. विद्येची जागा आहे ती, बाजार नाही."

"मी कशाला करतोय?"

"गेल्या महिन्यात दवाखान्यात टाक्यांचा भाव कोणी केला?"

"सात सांगितले होते. पाचात भागलं की नाही?"

"बाबा, प्लीज," मुलगी म्हणाली. "मला चार वर्षं काढायचीत तिथे. तोंड दाखवायला जागा ठेवा."

काकांनी गळ्याची शपथ घेतली.

आर्थिक साहाय्य विभागातल्या बाई फार मऊ आवाजात बोलत. त्यांनी उत्पन्न विचारलं, दुकानाची जागा कोणाची ते विचारलं, आणि एक पत्र पुढे सरकवलं. एक तृतीयांश फी माफ. उरलेल्या फीसाठी दुकान विकलं, तरी दोनच वर्षं निघाली असती. आणि अर्धं शिकून अर्धा पूल बांधायची सोय अजून कुठे झालेली नाही.

काकांची जीभ वळवळली. बाईंचं टेबल सागवानी नव्हतं, वरून नुसता लाकडी रंगाचा कागद चिकटवलेला होता, हे त्यांनी बसताक्षणी ओळखलं होतं. अशा टेबलामागचा माणूस पहिल्याच दमात शेवटचा आकडा सांगत नाही, हे त्यांना तीस वर्षांच्या धंद्याने शिकवलं होतं. ते तोंड उघडणार, तोच टेबलाखाली बायकोने त्यांचा पाय दाबला.

"आभारी आहोत," काका म्हणाले. पहिला भाव ऐकून मान डोलावण्याची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

"आठ दिवसांत कळवा," बाई म्हणाल्या.

आठ दिवस काका बँकेत, पतपेढीत, मेहुण्याकडे आणि पुन्हा बँकेत गेले. सगळ्यांनी मुलीच्या हुशारीचं कौतुक केलं. नवव्या दिवशी मुलीने पत्राची घडी घालून ते कपाटात ठेवलं. ते कपाटही विकायचंच होतं.

दहाव्या दिवशी दातांचे डॉक्टर दुकानात आले.

"मुलाला पुस्तकांचं कपाट हवंय. अर्धी फी सुटली, म्हटलं एवढं तरी घेऊ."

"अर्धी? पण तो तर एकतिसावा ना?"

"आधी काहीच देत नव्हते हो. मी म्हटलं, दुसरं कॉलेज चाळीस टक्के सोडतंय, तुमचं शेवटचं काय ते बोला. दोन फोनांत काम झालं." डॉक्टरांनी कपाटाचं दार उघडून बंद केलं. "तुम्ही मागितलं नाहीत? तुम्ही?"

डॉक्टर बोलतील त्या भावात काकांनी कपाट देऊन टाकलं आणि तडक महाविद्यालय गाठलं.

"मुदत संपली, काका," बाई म्हणाल्या. "तेव्हा मागितलं असतंत तर समितीपुढे ठेवलं असतं."

"आता मागतो."

"आता नियमात बसत नाही. आणि खरं सांगू? डॉक्टरांना अर्धी सोडली, तरी अर्धी येते. तुम्हाला पुरेल एवढी सोडायची, तर आमच्या हाती काय राहतं? ज्याला थोडीच मदत लागते, त्यालाच मदत करणं परवडतं."

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं, की काकांनी पुन्हा आभार मानले.

घरी त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. बायकोने दाबलेला पाय आणि मुलीचं ते 'प्लीज' त्यांना कुणाच्या तोंडावर मारायचं नव्हतं. मुलगी फरश्यांच्या दुकानात लागली. लोकांची न्हाणीघरं मोजते. मोजमापात एक सूतही चुकत नाही, असं मालक सांगतो.

वर्षभराने महाविद्यालयातून फोन आला. जुनी बाकं काढायची होती, एका बाकावर एक मुलगा बसेल अशी. काका टेम्पो घेऊन गेले. बाई त्याच होत्या. काकांनी बाकांवरून हात फिरवला. पॉलिशवर ओरखडा नव्हता.

"जुनी कुठे आहेत ही? यांवर कुणी बसलेलंच नाही."

"गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या नव्या वर्गाच्या बावीस जागा रिकाम्या राहिल्या," बाई म्हणाल्या. "मुलंच येत नाहीत हो हल्ली."

त्यांनी बाकांची किंमत सांगितली. काकांनी सवयीने अर्धी सांगितली.

बाई लगेच 'चालेल' म्हणाल्या.