काचेच्या जमिनीखाली

ग्रंथालय बांधलं तेव्हा विजेचे दिवे नव्हते. पण बांधणारा मोठा हुशार. त्यानं छताला काच लावली आणि पुस्तकांच्या मजल्यांच्या जमिनीसुद्धा जाड दुधी काचेच्या केल्या, लोखंडी चौकटींत बसवलेल्या. वरचा उजेड झिरपत झिरपत पार तळमजल्यापर्यंत यावा म्हणून. लोक माना वर करकरून बघायचे, वा वा करायचे. तळाशी बसून काम कोण करतं, हे विचारायचं काही कुणाला सुचत नसे.

तिथं बाइंडरबाई बसायच्या. फाटकी पुस्तकं शिवून त्यांना नवे पुठ्ठे चढवायचं काम. खोलीत दुसरं माणूस नाही. घरी भाऊ-वहिनी होते, पण त्या दोघांचं आपसातच इतकं गुळपीठ, की बाईंनी "येते" म्हटलं काय नि "आले" म्हटलं काय, टीव्हीवरची नजर हलायची नाही. दिवसच्या दिवस कुणी हाक मारत नाही म्हणजे काय होतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बाईंचा जीव अगदी आंबून गेला होता.

पण डोक्यावर पावलं होती. वरच्या मजल्यावर नकाशे सांभाळणारे एक गृहस्थ, नकाशेवाले, काम करत आणि काचेतून त्यांच्या बुटांचे काळे डाग इकडून तिकडे फिरताना दिसत. रोज संध्याकाळी निघताना ते दोनदा ठकठक करायचे. एकदा बाईंनी धीर करून हातोडी उचलली आणि लोखंडी खांबावर दोनदा ठोकलं. वरचे डाग थबकले, मग दाराकडे गेले. तेव्हापासून तो पायंडाच पडला. वरच्यांचा जिना पुढून, बाईंचं दार मागच्या बोळात, त्यामुळे तोंडओळख कधी झाली नाही. पण माणूस भला, निघताना सांगून जातो. घरचे तरी तेवढं कुठं करतात!

अशी वर्षं गेली आणि एका काचेला तडा गेला. साहेब आले, हळहळले, आणि हुकूम सोडून गेले: उद्यापासून सगळ्या काचांवर फळ्या ठोका.

फळ्या आल्या की पावलं गेली, ठकठकही गेली. मग उरलं काय? आता वर जायचं आणि "खाली चहाला येत जा" म्हणून सरळ सांगायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं. या वयात कसली आलीय लाज! केस सारखे केले, बोटांवरची खळ धुतली आणि अख्ख्या इमारतीला वळसा घालून त्या पुढच्या जिन्यानं वर गेल्या.

नकाशेवाले टकले, गोल चेहऱ्याचे, हसतमुख निघाले. "या बाई, कुठला नकाशा हवाय?"

"नकाशा नको. तुम्ही रोज संध्याकाळी ठकठक करता ना..."

"हे होय!" त्यांनी कपाटाच्या खालच्या खणाला बुटानं दोन लाथा घातल्या. "हा लेकाचा अडेलतट्टू आहे. लाथ खाल्ल्याशिवाय आत जात नाही. का हो, कुणाची तक्रार आली की काय?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. "आणि मग खालून आवाज येतो, तो?"

"तो लोखंडाचा. दिवसभर तापतं, संध्याकाळी निवताना वाजतं. जुनं बांधकाम ना! ते वाजलं की मी म्हणतो, चला, झाली घरी जायची वेळ."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हो हो, लोखंडच, असं म्हणून खाली उतरता आलं असतं. पण तेही त्यांच्यानं होईना.

"लोखंड नाही हो ते," त्या म्हणाल्या. "मी वाजवते. मला वाटायचं, तुम्ही माझा निरोप घेताय."

नकाशेवाल्यांचं हसू मावळलं. त्यांनी पायाखाली पाहिलं. बाईंनीही पाहिलं. वरून ती काच नुसती पांढरी दिसत होती, साध्या फरशीसारखी. खोली नाही, टेबल नाही, काही म्हणजे काही नाही. खालून वरचं दिसतं म्हणजे वरून खालचंही दिसत असणार, असं बाई आजवर धरून चालल्या होत्या.

"म्हणजे खाली कुणी बसतं?" नकाशेवाल्यांनी अगदी मनापासून विचारलं.

"बसतं की," बाई म्हणाल्या. चहाचं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही.