चौथ्या पायाखालचा कागद

मी एक जुनं, लंगडं टेबल आहे. मित्रांनो, व्याकरणात टेबल ‘ते’ असतं, हे मला ठाऊक आहे. पण ‘मी उभं होतं’, ‘मी रडलं’ असं स्वतःबद्दल बोलायला माझी जीभ वळत नाही. सगळे मला ‘लंगड्या’ म्हणत आले, तेव्हा मी आपला ‘मी उभा होतो’ असंच म्हणणार. तुम्ही मात्र परीक्षेत असं लिहू नका, गुण कापतील.

मी जिथे उभा होतो ते शहर फार जुनं आहे. त्याचा कोट कधीच पडला, वेस तेवढी राहिली. वेशीच्या आत एक दगडी फरसबंदीचा चौक आहे. शेकडो वर्षं गाड्यांची चाकं फिरून त्या दगडांना चऱ्या पडल्या आहेत. एकही दगड दुसऱ्याच्या पातळीत नाही. लांबून आलेले लोक त्या चऱ्यांचे फोटो काढतात. ज्यांना तिथे गरम सूप घेऊन चालावं लागतं, ते फोटो काढत नाहीत.

मला घडवणारा सुतार मोठा हुशार होता. तो म्हणाला, “दगड काही सरळ होणार नाहीत. आपण टेबलांचे पाय दगडांना बेतून कापू. प्रत्येक टेबलाची जागा ठरवून टाका.” आम्ही सहा भावंडं. पाच जणांचं अगदी बरोबर बसलं. माझ्या वेळी त्याला कुणीतरी हाक मारली, आणि परत येऊन त्याने माप घेतलं ते शेजारच्या दगडाचं. माझा चौथा पाय नखभर आखूड झाला. तो दोनदा मला हलवून बघत म्हणाला, “दगडच खराब आहे.” नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! “कागदाची घडी घाला खाली, बसेल,” असं सांगून त्याने हत्यारं गोळा केली आणि तो गेला.

तेव्हापासून माझं सगळं आयुष्य कागदाच्या घड्यांवर उभं आहे.

आमच्या मालकिणी दोघी, एकमेकींच्या जावा. थोरलीचा नवरा वारला होता आणि धाकटीचा दूर बोटीवर कामाला होता. थोरली आत चुलीशी असे. ती आतली खोली एवढीशी, की थोरली वळली तर धाकटीने आधी बाहेर यावं. म्हणजे दुकान काय ते बाहेर होतं. आम्ही सहा टेबलं, चोवीस खुर्च्या आणि वर एक कापडी छत, एवढंच. चौकात बसायला मिळायचं म्हणून लोक येत. चहा, सूप, भाजलेला पाव आणि आमलेट यापलीकडे तिथे काही मिळत नसे, पण वेशीवर संध्याकाळचं ऊन पडलं की एकही खुर्ची रिकामी राहत नसे.

धाकटी शिकलेली. पत्रं, पाट्या, भाजीच्या याद्या, सगळं लिहिणं-वाचणं तिच्याकडे. थोरलीला अक्षरं लावता येत, पण एक ओळ वाचेपर्यंत दूध उतू जाई. माझ्या टेकूची सोय मात्र थोरलीकडे होती. कुठलाही रद्दी कागद हाती आला की ती तो साखरेच्या बरणीखाली सरकवून ठेवी. आठवड्यातून एकदा चौक धुतला जाई, माझ्या पायाखालची घडी भिजून लगदा होई, आणि मी डुलायला लागे. मग आतून थोरलीचा आवाज यायचा, “बरणीखाली कागद ठेवलाय गं.” धाकटी तो घ्यायची, चार घड्या घालायची, खाली बसायची आणि मला किंचित उचलून कागद आत सरकवायची. मग माझ्या डोक्यावर एक चापट मारून म्हणायची, “उभा राहा आता नीट.” मला ती चापट फार आवडे.

मित्रांनो, एवढी सवय लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यातूनच झालं.

एका सकाळी कचेरीचा शिपाई आला. धाकटी दूध आणायला गेली होती. शिपायाने वही माझ्यावर टेकवली आणि थोरलीची सही घेतली.

“काय आहे?” थोरलीने ओले हात पदराला पुसत विचारलं.

“चौकातल्या सगळ्या दुकानांची नव्याने नोंद करायची आहे. टेबलं किती, कधीपासून मांडता, ते लिहून तीस दिवसांच्या आत द्यायचं. दिलंत तर जागा तुमची. नाही दिलंत तर गाडी येणार आणि सगळं उचलून नेणार.”

“आमची धाकटी बघेल. ते सगळं तिच्याकडेच असतं.”

“बघा हं. नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.”

शिपाई गेला. थोरलीने ते जाड कागद उडू नयेत म्हणून साखरेच्या बरणीखाली ठेवले. दुसरी जागाच नव्हती. बाकी सगळीकडे पिठाचे हात लागत.

धाकटी परत आली तेव्हा माझ्यापाशी घड्याळजी बसले होते. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला म्हातारा माणूस, त्यांना हललेलं काही खपत नसे. आदल्याच दिवशी चौक धुतला होता आणि मी चांगलाच डुलत होतो.

“बाई, या सूपला लाटा येताहेत,” घड्याळजी म्हणाले.

त्याच वेळी आतून आवाज आला, “बरणीखाली कागद ठेवलाय गं, बघ जरा.”

धाकटीच्या एका हातात दुधाचं भांडं होतं. दुसऱ्या हाताने तिने कागद ओढला. शेवटच्या पानाची कोरी बाजू वर होती. पोटाशी धरून तिने तो चार घड्यांत दुमडला आणि माझ्या पायाखाली सारला. चापट मारली. “उभा राहा आता नीट.”

मी ओरडलो. म्हणजे मला ओरडावंसं वाटलं. टेबलाला चार पाय देतात, तोंड देत नाहीत.

संध्याकाळी भांडी घासताना थोरलीने विचारलं, “त्या कागदाचं काय केलंस?”

“लावला की.”

“झालं एकदाचं,” थोरली म्हणाली.

एकीने मार्गी लावला असं ऐकलं, दुसरीने पायाला लावला असं सांगितलं. दोघीही खरं बोलत होत्या. त्या दिवशी दोघी शांतपणे झोपायला गेल्या आणि मी त्यांचं दुकान पायाखाली दाबून चौकात उभा राहिलो.

मला एकच आशा होती. मी पुन्हा डुललो की धाकटी खाली बघेल. पण तो कचेरीचा कागद होता, जाड आणि तुळतुळीत, तीन पानं एकत्र टोचलेली. जन्मात पहिल्यांदाच मी खांबासारखा उभा होतो. घड्याळजींनी चमचा माझ्यावर उभा करून पाहिला, आणि तो उभा राहिला.

“वा. बाई, या वेळी कागद चांगला निवडलात,” ते म्हणाले.

इतकी वर्षं ज्या कौतुकाची मी वाट पाहिली, ते तेव्हा मिळालं. त्यापायी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी माझ्यावर कोपर टेकलं की मी सगळा जोर लावून हलायचा प्रयत्न करी. मी तसूभरही हललो नाही.

आठ दिवस गेले, पंधरा गेले. समोरचा रसवाला एकदा थोरलीला म्हणाला, “तुमचा अर्ज गेला का?” ती म्हणाली, “धाकटीने कधीच लावला मार्गी.” मग एकदा तो धाकटीकडेच आला. “काय हो, त्या नोंदीचं...” एवढं म्हणतो तोच त्याच्या दुकानात पेल्यांची चळत कोसळली. तो धावत गेला आणि विसरला. धाकटी क्षणभर तिकडे बघत राहिली, मग तीन नंबरवर आमलेट द्यायला गेली.

विसाव्या दिवसानंतर, तीन वेळा चौक धुतल्यावर, तो कागद अखेर दबला. मी डुललो! घड्याळजींच्या चहाचे चार थेंब सांडले आणि मला कोण आनंद झाला. धाकटी खाली बसली. तिने मला उचललं. तिचा चेहरा माझ्या पायापासून वीतभर अंतरावर होता. कागदाच्या कडेला शिक्क्याचा जांभळा अर्धगोल बाहेर आला होता. मी मनात म्हटलं, ओढ. नुसता ओढून बघ.

“टेकू आहे की अजून, जरासा दबलाय,” ती म्हणाली, आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा फाडून तिने त्याच्यावर सारला. चापट मारली. मी पुन्हा खांबासारखा उभा राहिलो.

त्यानंतर मी दिवस मोजणं सोडलं. मोजून काय करणार होतो!

एकतिसाव्या दिवशी सकाळी गाडी आली. शिपाई होता आणि दोन हमाल. चौकात बाकी सगळ्यांच्या छतांवर त्याच सकाळी नोंदीच्या नव्या पाट्या लागल्या होत्या, आमच्याकडे नव्हती.

“आम्हाला कागदच मिळाला नाही,” धाकटी ठामपणे म्हणाली.

शिपायाने वही उघडून सही दाखवली. थोरली बाहेर आली. “मी घेतला होता. हिला दिला. हिने लावला पण.”

“मला कधी दिलात, ताई?”

“अगं, बरणीखाली कागद ठेवलाय म्हणून सांगितलं नव्हतं का? आणि तूच म्हणालीस, लावला.”

धाकटीने हळूच मान वळवली आणि माझ्या चौथ्या पायाकडे पाहिलं. मग ती खाली बसली. आधी पुठ्ठा काढला, मग कागद. घड्या चिकटल्या होत्या, उलगडताना दोन ठिकाणी फाटल्या. शिक्का मात्र स्वच्छ होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं लोक हसत म्हणतात. त्या सकाळी तिथे कुणी हसलं नाही.

“मी वाचला असता तर,” धाकटी म्हणाली.

थोरलीने तिच्या हातातून तो कागद घेतला. “तू कसा वाचणार? इतकी वर्षं मी त्या बरणीखाली रद्दीच ठेवत आले. चूक माझी आहे.” मग ती शिपायाला म्हणाली, “हिला काही बोलू नका.”

शिपाई वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “कचेरीत अर्ज द्या, बघू. पण आज मला न्यावंच लागेल.”

हमालांनी एकेक टेबल उचललं. माझी पाळी आली तेव्हा थोरली म्हणाली, “थांबा.” आत जाऊन तिने फडकं आणलं आणि मला पुसलं, कडेपासून कडेपर्यंत, गिऱ्हाईक बसायच्या आधी पुसत असे तसं. घड्याळजी आपली काठी टेकून बाजूला उभे होते. त्यांना बसायला जागा नव्हती.

मित्रांनो, आता मी कचेरीत असतो. माझी पाच भावंडं मागच्या आवारात एकावर एक रचून ठेवली आहेत. माझी फळी रुंद, म्हणून मला व्हरांड्यात एका कारकुनाला दिलं आहे. इथली फरशी सपाट आहे, पण माझा पाय तो आखूडच. दिवसभर मी डुलतो.

परवा धाकटी आली होती. तिने मला लगेच ओळखलं, पण कारकुनासमोर काही दाखवलं नाही. नुसता हात माझ्या कडेवर ठेवला. मग अर्ज उलगडून तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचला आणि कारकुनाच्या हातात दिला.

“एकच विनंती आहे,” ती म्हणाली. “हा वाचून बघा.”

“बघतो. ठेवा तिथे.”

ती जाताना थबकली. “या टेबलाच्या चौथ्या पायाला टेकू लागतो. मी लाकडाची चीप आणून देऊ का?”

“राहू द्या हो. आम्ही लावू काहीतरी.”

तिचा चेहरा मी पाहिला. ती काही बोलणार होती, पण मागच्या माणसाने आपले कागद पुढे केले आणि ती गेली.

म्हणून माझी तुम्हाला एक विनवणी आहे. तुमच्या घरी, शाळेत एखादं हलणारं टेबल असेल, तर त्याला लाकडाची चीप लावा. कागदच लावायचा असेल तर आधी उलगडून वाचा. आणि कुणी ‘लावला’ म्हणालं, तर ‘कुठे लावला?’ एवढं नक्की विचारा. विचारल्याने कुणी लहान होत नाही.

तिचा अर्ज अजून माझ्या डोक्यावरच्या गठ्ठ्यात आहे, सगळ्यात वर. टेकूसाठी कागद शोधला तर तो कारकुनाच्या हाताला सहज लागेल. आताच त्याचा चहा आला आहे आणि त्याने कोपर माझ्यावर टेकलं आहे. चौकात असताना मी हलण्यासाठी जीव तोडत होतो. आज त्याहून जास्त जोर लावून मी न हलण्याचा प्रयत्न करतो आहे.