सुतारकाकांची सवलत

दुकानदारीण मनानं वाईट नाही, पण तोंड असं की ती बोलायला लागली की रस्त्यावरचं कुत्रंही वाट बदलतं. त्या दिवशी ती सुतारकाकांवर घसरली होती.

"पोरीला पाठवू नका म्हणून सांगितलं ना? अठराच्या आतल्या पोरांच्या हातात दारूची बाटली द्यायची नाही, गावानं ठरवलंय. दुसऱ्यासाठी असली तरी नाही!"

"माझा गुडघा बघ जरा. अर्धा गाव तुडवत आलोय."

"मग पिऊ नका. गुडघ्याला बरं वाटेल."

आमच्याकडे ही जुनीच रीत. बाप शेतातून दमून आला की पोराच्या हातात पिशवी द्यायचा आणि दूध आणावं तशी पोर बाटली आणायचं. त्यात काही वावगं आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शाळेमागच्या बांधावर नववीतली पोरं झिंगून पडलेली सापडली, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. नर्सबाईंनी गाव गोळा केलं आणि नियम झाला.

काका एकटेच. बायको गेली, मुलगा शहरात, फोन करतो तोही घाईत. पलीकडच्या घरातली चिमणी, तेरा वर्षांची, रोज संध्याकाळी त्यांची क्वार्टर आणायची आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बडबडत बसायची. नियम झाला आणि ते थांबलं. कामच नाही तर रोज कशाला जायचं, असं तिच्या आईचं म्हणणं. फक्त रविवारी रंधा मारायला शिकायला यायची. त्या एका दिवसावर म्हातारा आठवडा ढकलायचा. त्यांची आणि माझी भिंत एकच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

सुगी आटोपल्यावर नियमाचा उपयोग किती झाला हे बघायला बैठक बसली. वारा असा सुटला होता की तोंड उघडलं की दातांत माती. मास्तर म्हणाले, बांध स्वच्छ आहे. नर्सबाई म्हणाल्या, काही पोरं पलीकडच्या गावातून आणतात, तेव्हा टाळ्या जरा थांबवा. मग चिमणीची आई उठली.

"नियम चांगलाच आहे. पण म्हाताऱ्यांना तेवढी सवलत द्या. काका लंगडत जातात, बघवत नाही. माझी पोर आणून देईल. भरवशाची आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या. काकांचा चेहरा उजळला, मी समोरच होतो. रोजची संध्याकाळ त्यांना परत मिळत होती, तीही मागितल्याशिवाय. मग ते काठी टेकून उभे राहिले.

"नको."

"अहो, लाजताय काय?"

"नको म्हणतो ना! माझ्या बाटलीत पाणी असायचं. नियम झाल्यापासून नसतं."

दुकानदारीण ताडकन उठली. "माझ्या दुकानात पाणी? बंद बाटली देते मी!"

"तू नाही घातलंस, बाई. माझ्या हातात यायची तेव्हा झाकण सैल असायचं."

चिमणीच्या आईचा चेहरा पडला.

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो. बोललो असतो तर ती आली नसती."

खरं सांगतो, मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला. एवढीशी पोर वाटेत घोट घेतेय आणि हा सोबतीसाठी तोंड शिवून बसलाय! पण ते एवढ्या लोकांत मान खाली घालून उभे होते, ते बघून मी सरकून त्यांना बसायला जागाही करून दिली.

नर्सबाईंनी चिमणीच्या आईचा हात धरला. "पोरीवर हात उचलायचा नाही. मी घरी येते, मी बोलते तिच्याशी." सवलतीचा विषय मग कुणी काढला नाही. नियम होता तसाच राहिला.

रविवारी चिमणी आली नाही. दुपारी काकांनी मला हाक मारली आणि लहान हातात मावेल असा एक रंधा पुढे केला. नवाकोरा, घासून गुळगुळीत केलेला.

"तिला दे. तिची आई घेईल का?"

"बघतो," मी म्हटलं.

आईनं घेतला, पण पोरीला काही सोडलं नाही. संध्याकाळी काका लंगडत दुकानात जाऊन आले. मी अंगणातच होतो. चिमणी येईल म्हणून त्यांचं दार या वेळेला नेहमी नुसतं लोटलेलं असायचं. त्या दिवशी उजेड होता तरी आतून कडी लागल्याचा आवाज आला.