दवाची रेघ

डिसेंबरातल्या एका सकाळी आठ वाजता, राजाजीनगरातल्या महानंदाच्या स्वयंपाकघरात भट्टीची ज्योत परत बसली. आमटीला अजून उकळी यायची होती आणि साडेअकराला दीडशे डबे जायचे होते. महानंदाने नळीची तोटी पूर्ण उघडून पाहिली. ज्योत निळी होती, पण बोटभरच.

"झालं. तीन दिवस चालायचं सिलिंडर दोन दिवसांत संपतंय," ती म्हणाली.

दयानंद नवं सिलिंडर घेऊन दारातच उभा होता. सहा वर्षं तोच गॅस आणत होता. गेल्या तीन आठवड्यांत गॅस कमी पडू लागला आणि संशय त्याच्यावर गेला. महानंदाचा नवरा संग्राम याने एजन्सीच्या नावे तक्रार लिहून ठेवली होती. दहा वाजता एजन्सी उघडली की तो ती नेऊन देणार होता. त्यानंतर दयानंदला या भागात काम मिळालं नसतं, कदाचित कुठेच नाही.

"मधल्या वाटेत कुठं काढून घेतोस ते तरी सांग, दयानंद," महानंदा म्हणाली. "घरात कुणाचं लग्न काढलंयस काय?"

"अक्का, तुमच्यासमोर वजनकाट्याला लावून देतो की."

"काटा तुझाच."

"आणि खांदा? पहिल्या खेपेलाच सांगितलं होतं, तुमच्याकडचं रिकामं जड लागतंय म्हणून. तुम्ही म्हणाला, अण्णा, तुझं वय झालं."

नीरजा डबा घ्यायला खाली आली होती. ती वरच्या मजल्यावर राहायची. निवृत्त होईपर्यंत तिने कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं होतं. रोज ती दारातूनच डबा घेऊन जायची. आज दयानंदचं शेवटचं वाक्य ऐकून ती आत आली आणि भट्टीला जोडलेल्या सिलिंडरजवळ वाकली.

सिलिंडरचा वरचा भाग कोरडा होता. खालच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर दव जमलं होतं. दोन्हींच्या मध्ये एक आडवी, सरळ रेघ दिसत होती.

"इथं हात लावा," ती महानंदाला म्हणाली. "आता इथं, खाली."

महानंदाने हात लावला आणि लगेच काढला. "बर्फ आहे की हा."

"रेघेच्या खाली अजून गॅस आहे, पातळ स्वरूपात. तो जळण्याआधी त्याची वाफ व्हावी लागते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. बाहेरून तेवढी भरून आली नाही की गार होत जातो. गार झाला की दाब पडतो. ही भट्टी कधी आणली?"

"दिवाळी झाल्यावर," आतल्या खोलीतून आलेला संग्राम म्हणाला. "आधी दोन बारक्या शेगड्या होत्या."

"शेगड्या हळू ओढत होत्या. ही एकदम ओढते. त्यात ही थंडी."

"पण मॅडम, गॅस आहे तर पेटत का नाही नीट?" संग्राम तक्रारीच्या कागदाची घडी हातात घेऊनच उभा होता.

"टब आहे?" नीरजाने विचारलं.

महानंदाने तांदूळ धुवायचा टब काढला आणि परसातल्या लाकडाच्या चुलीवरचं उकळतं पाणी उचललं. नीरजाने तिला थांबवलं. "उकळतं नको. हात बुडवून ठेवता येईल इतकंच कोमट." संग्रामने भट्टी बंद केली, दयानंदने सिलिंडर टबात उभं केलं. पाणी दवाच्या रेघेपर्यंत आलं.

महानंदाने तेवढ्यात कोथिंबीर चिरून घेतली. दहाएक मिनिटांनी संग्रामने भट्टी पेटवली. ज्योत पातेल्याच्या बुडाला भिडली.

दयानंद ज्योतीकडे बघत राहिला. "म्हणजे तीन आठवडे मी भरलेलं ओझं परत नेत होतो."

"तिसरा हिस्सा," नीरजा म्हणाली.

"ते माझ्या खांद्याला ठाऊक होतं, मॅडम. कारण तेवढं ठाऊक नव्हतं."

संग्रामने कागद आधी खिशात घातला. मग परत काढून भट्टीखाली सरकवला. महानंदा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एजन्सीत तोंडी पण सांगून ठेवलं होतंस ना तू? मग आता तोंडीच जाऊन सांग. उघडायच्या आधी दारात उभा राहा." संग्रामने चपला घातल्या.

नीरजा डबा घेऊन वर गेली. दयानंदला पुढची घरं होती, तरी तो थांबला. मधे एकदा त्याने टबातलं पाणी बदललं. नवं सिलिंडर सीलबंदच राहिलं. त्या दिवशीचे दीडशे डबे जुन्यावरच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला तेव्हा, सव्वादहाच्या सुमाराला, ज्योत पुन्हा बसली. या वेळी सिलिंडरवर रेघ नव्हती.

त्याने खिशातून हुकाचा वजनकाटा काढला.

"ते राहू दे, अण्णा," महानंदा म्हणाली. "उचलून सांग."

दयानंदने सिलिंडर खांद्यावर घेतलं, जागेवरच एकदा हलवलं आणि खाली ठेवलं.

"आता रिकामं," तो म्हणाला.

महानंदाने नव्या सिलिंडरचं सील तोडलं आणि टबात कोमट पाणी ओतायला घेतलं.